कोवळ्या हाताचे दीर्घ करार

२ नोव्हेंबर २०२५ च्या रविवारी, नवी मुंबईत होणाऱ्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याकडे अवघ्या महाराष्ट्राचे डोळे लागलेले असताना, पहाटे साडेपाचच्या सुमारास दूर टोरांटोत आणखी एक अंतिम सामना, वर्ल्ड सिरीज या बेसबॉलच्या अजिंक्यपद मालिकेचा सातवा सामना, सुरू झाला होता. आपल्याकडे सकाळचे पावणेदहा वाजत आले तेव्हा अकराव्या डावाच्या अखेरीस तो लॉस एंजेलिस डॉजर्स या संघाने जिंकला. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात. आदल्याच रात्री ९६ चेंडू फेकून सहावा सामना आपल्या संघाच्या पदरात घातलेला योशिनोबू यामामोतो हा सत्तावीस वर्षांचा जपानी पिचर, ज्या श्रमानंतर त्याच्या पेशातील माणसाने चार-पाच दिवस हाताला विसावा द्यावा असा शिरस्ता आहे त्या श्रमानंतर एका दिवसाचीही उसंत न घेता, सातव्या सामन्याच्या नवव्या डावात पुन्हा मैदानात उतरला आणि आणखी ३४ चेंडू फेकून अजिंक्यपद घेऊनच परतला.

डिसेंबर २०२३ मध्ये, अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये तोवर एकही चेंडू न फेकलेल्या या पंचवीस वर्षांच्या तरुणाशी डॉजर्सने बारा वर्षांचा करारनामा केला, त्यापोटी त्याला ३२ कोटी ५० लक्ष डॉलर देऊ केले आणि जपानमधील ज्या ऑरिक्स बफेलोज संघाकडून तो आला त्या संघाला मोबदला म्हणून आणखी ५ कोटींहून अधिक डॉलर मोजले, तेव्हा अनेक जाणत्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. पहिल्याच हंगामात त्याचा खांदा दुखावला आणि तो जवळजवळ तीन महिने खेळू शकला नाही, तेव्हा त्या आठ्या अधिकच गडद झाल्या. टोरांटोतील त्या रात्रीनंतर त्या पुसल्या गेल्या असतील. परंतु एका अलौकिक रात्रीवरून बारा वर्षांच्या व्यवहाराचा निवाडा करणे मला मान्य नाही. त्या रात्रीने मला स्मरण करून दिले ते निराळ्याच माणसाचे.

तो सामना सुरू झाला तेव्हा टोरांटोत तारीख १ नोव्हेंबर होती. बरोबर दहा वर्षांपूर्वी, १ नोव्हेंबर २०१५ रोजी, न्यू यॉर्क मेट्स या संघाचा सव्वीस वर्षांचा पिचर मॅट हार्वी वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात आठ डाव एकही धाव न देता फेकून चुकला होता आणि व्यवस्थापक त्याला विश्रांती देऊ पाहत असताना, नववा डावही मीच फेकणार, असा हट्ट धरून तो पुन्हा मैदानात गेला. तो सामना मेट्सने गमावला, आणि त्याबरोबर अजिंक्यपदही. दोनच वर्षांपूर्वी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, हार्वीच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली होती. २०१४ चा संपूर्ण हंगाम त्यातच गेला होता. आणि परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षी त्याने किती डाव फेकावेत यावरून सप्टेंबरात त्याचा प्रतिनिधी आणि संघ यांच्यात जाहीर वादही झाला होता. अखेरीस त्या वर्षी त्याने एकूण २१६ डाव फेकले. पुढच्याच जुलैत गळ्याचे हाड आणि पहिली बरगडी यांच्या चिंचोळ्या फटीत दबलेल्या नसांमुळे त्याच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, आणि त्यानंतर पूर्वीचा हार्वी कोणाला दिसला नाही. मे २०१८ मध्ये मेट्सने त्याला दुसऱ्या संघाकडे धाडले. त्याच्याजवळ दीर्घ मुदतीचा करार कधीच नव्हता.

दोघांनीही संघासाठी हात पणाला लावला. यामामोतोचा हात त्या रात्री निकामी झाला असता तर २०३५ पर्यंतचा तोटा डॉजर्सच्या जमाखर्चात पडला असता. हार्वीचा झाला तो हार्वीच्या एकट्याच्या.

कोवळ्या वयाच्या पिचरशी दीर्घ मुदतीचा करार करण्याची जोखीम पत्करण्याजोगी आहे काय, हा अमेरिकेतील बेसबॉलच्या जगात दर हिवाळ्यात नव्याने उपस्थित होणारा प्रश्न आहे, आणि तो बहुतेक वेळा संघमालकाच्या पेढीवर बसूनच विचारला जातो. ती पत्करलीच पाहिजे, असे माझे मत आहे. जोखीम कोपरात असते, आणि करार केला काय किंवा न केला काय, ती तेथेच राहते. करारनाम्यातील कलमे एवढेच ठरवतात की ती कोणाच्या नावे मांडायची. ज्याच्या पदरी पंधरा-वीस पिचर आहेत, दूरचित्रवाणीचे उत्पन्न आहे, विम्याची सोय आहे, तो मालक ती वाहू शकतो. ज्याच्या पदरी सारी मालमत्ता म्हणून एकच उजवा किंवा डावा हात आहे, त्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाने ती एकट्याने वाहावी, ही व्यवस्था मला अन्याय्य वाटते, आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही ती मालकाच्या हिताची नाही.

हा कोपर इतका नाजूक का, हे क्रिकेटच्या सहवासात वाढलेल्या वाचकाला सांगणे अवश्य आहे. क्रिकेटच्या नियमाप्रमाणे चेंडू टाकताना गोलंदाजाचा कोपर पंधरा अंशांहून अधिक सरळ होता कामा नये. पिचरवर असे कोणतेही बंधन नाही, आणि त्याला धावत येण्याचीही मुभा नाही. दहा इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावर उभे राहून साठ फूट सहा इंचांवरील लक्ष्याकडे तो चेंडू फेकतो, तेव्हा सारा वेग त्याला पाय, कंबर आणि खांदा यांच्या पिळातूनच निर्माण करावा लागतो, आणि हात मागे झुकून पुढे उसळण्याच्या क्षणी त्या पिळाचा सारा भार कोपराच्या आतल्या बाजूस दंडाचे आणि अग्रबाहूचे हाड सांधणाऱ्या एका लहानशा अस्थिबंधावर येतो. शवांच्या कोपरांवरील प्रयोगांत हा अस्थिबंध जेवढ्या ताणाने तुटलेला आढळला, जवळजवळ तेवढाच ताण वेगवान पिचर प्रत्येक चेंडूस त्याच्यावर आणतो. आजूबाजूचे स्नायू त्यातील काही भार उचलतात म्हणूनच तो टिकतो, आणि ते थकले की तुटतो. २५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या उजव्या हातातील कंडरा काढून त्याच्या डाव्या कोपरात बसवली, तोवर या दुखापतीनंतर पिचरची कारकीर्द संपत असे. जॉन १९७६ मध्ये परतला, १९८९ पर्यंत खेळला, आणि त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ विजय त्या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. तेव्हापासून ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते; परंतु ती करून घेणाऱ्यास आजही वर्ष-दीड वर्ष मैदानाबाहेर काढावे लागते, आणि जॉनसारखे भाग्य प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही.

आता वेतनाची पद्धत पाहू. तरुण खेळाडू मेजर लीगमध्ये रुजू झाला की सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत तो आपल्या संघाचा बांधील असतो. त्यांतील साधारणपणे पहिली तीन वर्षे त्याला किमान वेतनाच्या जवळपासच राहावे लागते, पुढील तीन वर्षे वेतनाचा तंटा लवादापुढे नेता येतो, आणि त्यानंतर तो मोकळा होऊन वाटेल त्या संघाशी सौदा करू शकतो. हे स्वातंत्र्यसुद्धा अलीकडचे आहे. डिसेंबर १९७५ मध्ये पीटर साइट्झ या लवादाने दोन पिचरांच्या फिर्यादीवर निर्णय देऊन खेळाडूला तहहयात एकाच संघाशी जखडणाऱ्या कलमाचा अर्थच पालटला, तोवर तेही नव्हते. म्हणजे पिचर मोकळा होतो तो बहुधा अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या वर्षी, आणि हाताची सर्वोत्तम वर्षे अनेकदा त्यापूर्वीच खर्ची पडलेली असतात.

मालकांच्या बाजूने बोलणारे नेहमी दोन नावे घेतात, आणि त्यांना उत्तर देणे मला टाळता येणार नाही. पहिले वेन गार्लंडचे. साइट्झच्या निर्णयानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात, नोव्हेंबर १९७६ मध्ये, क्लीव्हलंड इंडियन्सने या सव्वीस वर्षांच्या पिचरशी दहा वर्षांचा, २३ लक्ष डॉलरचा करार केला. त्या काळी ती रक्कम डोळे दिपवणारी होती. वसंतातील सरावातच त्याचा खांदा दुखावला; तशाच खांद्याने त्याने १९७७ चा संपूर्ण हंगाम रेटला, पावणेतीनशेहून अधिक डाव फेकले आणि १९ सामने गमावले; पुढच्या वर्षी शस्त्रक्रिया झाली, आणि क्लीव्हलंडसाठी त्याची एकूण कमाई २८ विजय व ४८ पराभव एवढीच राहिली. हा करार फसला हे मी मान्य करतो. परंतु आधीच्या सर्व वर्षांत मिळून सात सामने जिंकलेल्या माणसाला, एका हंगामात वीस जिंकले म्हणून, दहा वर्षांची सनद देणे ही पारखण्यातील चूक होती, आणि घेतलेल्या रकमेला जागण्याच्या भावनेने दुखरा हात वापरणाऱ्या खेळाडूला न थांबवणे ही त्याहून मोठी चूक होती. दहा वर्षांचे वेतन पक्के असताना त्याला एक उन्हाळा विश्रांती देण्यात क्लीव्हलंडचे काय गेले असते?

दुसरे नाव स्टीव्हन स्ट्रॅसबर्गचे, आणि ते अधिक दुःखदायक आहे. होतकरू खेळाडूंच्या २००९ च्या वार्षिक निवडीत पहिल्या क्रमांकाने घेतलेला, ८ जून २०१० रोजी पहिल्याच सामन्यात चौदा फलंदाजांना चेंडू मैदानात टोलवू न देता बाद करणारा हा मुलगा त्याच ऑगस्टात कोपर धरून मैदानाबाहेर गेला. शस्त्रक्रियेनंतर २०१२ मध्ये, आपला संघ अजिंक्यपदाच्या शर्यतीत असतानाही, वॉशिंग्टन नॅशनल्सने त्याला १५९ डावांपाशी थांबवले आणि हंगामाच्या ऐन मोक्याच्या काळात घरी बसवले. त्या निर्णयाची तेव्हा सर्वत्र निर्भर्त्सना झाली. मला तो आजही योग्य वाटतो, कारण पुढील अनेक वर्षे तो हात आपल्याच पदरी राहणार आहे हे ज्याला ठाऊक असते तोच मालक एका हंगामाच्या मोहापासून हात राखून ठेवतो. २०१६ मध्ये, स्ट्रॅसबर्ग सत्तावीस वर्षांचा असताना, नॅशनल्सने त्याच्याशी सात वर्षांचा १७ कोटी ५० लक्षांचा करार केला, आणि याच कराराच्या मुदतीत, २०१९ मध्ये, त्याने त्यांना वर्ल्ड सिरीज जिंकून दिली व त्या मालिकेचा मानकरी ठरला. त्यानंतर मिळालेल्या मुभेप्रमाणे त्याने तो करार सोडला, आणि त्याच डिसेंबरात, वयाची एकतीस वर्षे उलटल्यावर, नवा सात वर्षांचा, २४ कोटी ५० लक्षांचा करार केला. या दुसऱ्या कराराखाली तो आठ सामने खेळला. आठच! हार्वीला झालेल्या नसांच्या त्याच आजाराने त्याचा हात कायमचा घेतला आणि एप्रिल २०२४ मध्ये तो निवृत्त झाला. लोक या माणसाचे उदाहरण दीर्घ करारांविरुद्ध देतात, तेव्हा त्याने दोन दीर्घ करार केले होते हे विसरतात: तारुण्यातील कराराने संघाला अजिंक्यपद दिले, आणि बुडाला तो तिशीनंतरचा, गतपराक्रमाचे बक्षीस म्हणून दिलेला.

ख्रिस सेलच्या आयुष्यात हेच अधिक स्पष्टपणे दिसते. सेल आणि हार्वी यांचे जन्म १९८९ च्या मार्चअखेरचे, एकमेकांपासून तीन दिवसांच्या अंतराने झालेले; २०१० च्या एकाच निवडीत हार्वी सातवा होता आणि सेल तेरावा. मार्च २०१३ मध्ये, चोविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वी, सेलने शिकागो व्हाइट सॉक्सशी पाच वर्षांचा ३ कोटी २५ लक्षांचा करार केला, आणि त्यात आणखी दोन वर्षांचा हक्क संघाकडे राखलेला होता. त्याची हाडकुळी शरीरयष्टी आणि चमत्कारिक फेक पाहून हा हात टिकणार नाही असे भाकीत करणारे पुष्कळ होते. २०१८ पर्यंत तो दरवर्षी सर्वोत्तम पिचरांच्या गणनेत राहिला. मध्यंतरी व्हाइट सॉक्सने त्याला बॉस्टनला देऊन मोबदल्यात उमदे तरुण खेळाडू मिळवले, ते त्याच्या करारातील शिल्लक वर्षे स्वस्त होती म्हणूनच. आणि २०१८ च्या वर्ल्ड सिरीजचा अखेरचा फलंदाज बॉस्टनसाठी त्याने बाद केला, तेव्हा त्याचे त्या वर्षाचे वेतन सव्वा कोटी डॉलर होते व त्याच संघातील डेव्हिड प्राइस या ज्येष्ठ पिचरचे तीन कोटी. मग मार्च २०१९ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, बॉस्टनने त्याच्याशी पुढील पाच वर्षांचा १४ कोटी ५० लक्षांचा करार केला. तो अमलात येण्याच्या सुमारासच, मार्च २०२० मध्ये, त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली, आणि चार वर्षांत मिळून नियमित हंगामात बॉस्टनसाठी त्याने आरंभीचा पिचर म्हणून ३१ सामने फेकले, म्हणजे निरोगी पिचर एका हंगामात फेकतो तेवढे. अॅटलांटाला गेल्यावर २०२४ मध्ये त्याने सर्वोत्तम पिचरला दिला जाणारा साय यंग पुरस्कार मिळवला याचा मला मनापासून आनंद झाला. बॉस्टनचा हिशेब त्याने बदलला नाही.

कोकणातला बागाईतदार मोहोरावर बाग मक्त्याने देतो, तेव्हा अवकाळी पाऊस आणि वारा यांची धास्ती मक्तेदार आपल्या शिरावर घेतो आणि त्याबद्दल चांगल्या पिकाचा मोठा हिस्सा त्याला मिळतो. बागाईतदाराला वर्षाची निश्चिंती मिळते. भाव वाजवी असेल तर यात कोणीही नागवला जात नाही. तरुण पिचरचा करार या जातीचा आहे. टँपा बे रेज या संघाने डिसेंबर २०११ मध्ये मॅट मूर या पिचरशी, तो मेजर लीगमध्ये जेमतेम काही आठवडे खेळलेला असताना, पाच वर्षांचा १ कोटी ४० लक्षांचा करार केला. २०१४ मध्ये त्याचा कोपर गेला आणि पुढे त्याची कारकीर्द सामान्यच राहिली. तरीही टँपा बेसारखा काटकसरी संघ त्या रकमेपायी बुडाला नाही. कोवळ्या वयात केलेला करार फसला तर एवढाच फसतो, आणि फळला तर सेलसारखा फळतो.

यावर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो: काळ बदलला आहे. मेजर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये पिचरांच्या दुखापतींवर प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे, पिचरांच्या मुख्य वेगवान चेंडूचा सरासरी वेग २००८ मध्ये ताशी ९१.३ मैल होता तो २०२४ पर्यंत ९४.२ झाला, आणि प्रत्येक चेंडू पूर्ण शक्तीने फेकण्याची व त्याला अधिकाधिक फिरकी देण्याची ओढ हेच दुखापती वाढण्याचे कारण म्हणून त्यात सांगितले आहे. आजचा तेवीस वर्षांचा कोपर २०१३ मधल्या कोपराइतका भरवशाचा नाही, हे खरे. परंतु ही ओढ कोठून आली? शाळकरी मुलापासून सर्वांना ठाऊक आहे की निवड वेगावर होते, भाव वेगाला मिळतो, आणि ज्याच्या हाती उद्याची शाश्वती नाही त्याला आजचा प्रत्येक चेंडू अखेरचा असल्यासारखा फेकावा लागतो. पाच-सहा वर्षांचे वेतन ज्याच्या नावे पक्के आहे त्याला, दुखू लागले की तसे सांगण्याचे धैर्य येते. केवळ कराराने वेग कमी होईल असा माझा दावा नाही. भीती कमी होईल, एवढे मी खात्रीने म्हणतो.

खरी उणीव भावात आहे. स्पेन्सर स्ट्रायडरने ऑक्टोबर २०२२ मध्ये, तेवीस वर्षांचा असताना, अॅटलांटा ब्रेव्ह्जशी सहा वर्षांचा ७ कोटी ५० लक्षांचा करार केला; पुढच्याच वर्षी त्याने २० सामने जिंकले व २८१ फलंदाजांना चेंडू मैदानात टोलवू न देता परत पाठवले; आणि एप्रिल २०२४ मध्ये दोनच सामन्यांनंतर त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. परतल्यावर पूर्वीची धार उरली नव्हती. करारामुळे तो सावरला, याचे समाधान वाटते. परंतु त्या २०२३ च्या हंगामाचा योग्य मोबदला त्याला कधीच मिळाला नाही, हेही तितकेच खरे. भीतीपोटी मुले आपला हात स्वस्तात देतात आणि मालक त्या भीतीचा भाव पाडून घेतात. मुदतीनंतरच्या एक-दोन वर्षांचा हक्क नेहमी संघाच्याच मर्जीवर ठेवण्याची रीत मला सर्वांत आक्षेपार्ह वाटते. मॅडिसन बमगार्नरने २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सशी पाच वर्षांचा ३ कोटी ५० लक्षांचा करार केला, २०१४ ची वर्ल्ड सिरीज जवळजवळ एकट्याच्या खांद्यावर वाहिली, आणि तरीही २०१९ पर्यंत तो त्याच अटींना बांधलेला राहिला. ज्या वर्षी खेळाडू साय यंग पुरस्काराच्या मतदानात पहिल्या पाचांत येईल त्या वर्षापासून पुढील वेतन आपोआप वाढावे, आणि अखेरच्या वर्षांचा हक्क दोन्ही पक्षांच्या संमतीवर असावा, एवढे जरी करारनाम्यात लिहिले तरी हा सौदा सन्मानाचा होईल.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर पॉल स्कीन्स आहे. २०२३ च्या निवडीत पहिला, २०२४ चा सर्वोत्तम नवोदित, २०२५ च्या साय यंग पुरस्कारात तिसांपैकी तीस पहिली मते मिळवणारा हा पिचर त्या २०२५ च्या हंगामात पिट्सबर्ग पायरेट्सकडून पावणेनऊ लक्ष डॉलर वेतनावर खेळला. लीगने तरुण खेळाडूंसाठी राखलेल्या ५ कोटींच्या निधीतून काही वाटा मिळतो, तो निराळा. त्या हंगामाअखेर त्याच्याजवळ दीर्घ मुदतीचा करार नव्हता. अॅलेघेनी नदीच्या काठावरील मैदानात तो दर पाच-सहा दिवसांनी त्या दहा इंचांच्या उंचवट्यावर चढतो आणि ताशी ९८ मैलांच्या आसपासचे चेंडू एकामागून एक फेकतो, आणि त्यांतील प्रत्येक चेंडूची जोखीम त्याच्याच नावे आहे. पायरेट्सच्या मालकांनी त्याला बोलावून घ्यावे, लवादापर्यंत तंटा जाण्याची वाट न पाहता वाजवी रक्कम समोर ठेवावी, आणि ती जोखीम आपल्याकडे घ्यावी. अन्यथा तो मोकळा होईल २०२९ च्या हंगामानंतर. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा असेल, यामामोतो टोरांटोत होता तेवढा.